आधी विचारा, मग तेल लावा

जून महिन्यात याच पानावर मी कम्प्युटरसमोर बसून बसून आखडलेल्या मानेबद्दल लिहिलं होतं. दर तासाला उठा, दोन पावलं चाला, खांदे फिरवा वगैरे वगैरे. अंक बाजारात आला त्या शनिवारी सकाळीच फोन वाजला. पलीकडे एक काकू होत्या. "लेख आवडला हो तुमचा. आमच्या मुलीची मानही अशीच धरते. पण तिला उठून दोन पावलं चालता येत नाही. तिला कराल का मसाज?"

"करेन की! घेऊन या ना," मी एकदम उत्साहात. पत्ताही सांगून टाकला. फोन ठेवला आणि मग माझी ट्यूब पेटली. माझं क्लिनिक सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. इतकी वर्षं रोज त्या जिन्यानं वर-खाली करतेय, पण पायऱ्या किती हे कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी मोजल्या. बावीस.

मग काय, मीच गेले त्यांच्या घरी कोथरूडला. मुलगी सव्वीस वर्षांची. सेरेब्रल पाल्सी. म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा बिघडतो, ते. ती इजा पुढे वाढत नाही, पण बरीही होत नाही. मुलगी एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, व्हीलचेअर वापरते आणि शब्द जरा सावकाश, अडखळत बोलते. हे सगळं मला काकूंनी सांगितलं. ती शेजारीच बसली होती. मी मान डोलावत ऐकत होते, काकूंकडे बघून!

आता माझी चूक ऐका. फोन मानेसाठी आला होता. पण घरात शिरल्यावर मला दिसले ते तिचे पाय. ताठ, गुडघ्यात वाकलेले, एकमेकांवर चढलेले. माझ्यातली थेरपिस्ट लगेच जागी झाली. अरे वा, काम तर इथे आहे! काकूंनी आणि मी मिळून तिला उचलून पलंगावर पालथं झोपवलं. बाटलीतलं थंड तेल हातावर घेतलं आणि पोटऱ्यांवर सुरू झाले. भराभर चोळणं, मग थापटणं. माझी नेहमीची स्टाइल. टेकाडं चढून आलेल्या ट्रेकर मंडळींना भारी आवडते.

तिसऱ्या मिनिटाला तिचा पाय ताडकन सरळ झाला. पाऊल थडथड उडायला लागलं, थांबेचना. कंबर वर उचलली गेली. मी घाबरले. हात जिथल्या तिथे.

"होतं तिला असं. तुम्ही करा," काकू शांतपणे म्हणाल्या. त्यांनी हे सव्वीस वर्षं पाहिलेलं.

"काकू, दुखतंय का हो तिला?" मी विचारलं.

तेवढ्यात उशीतून आवाज आला. एकेक शब्द वेगळा. "ताई... मला... विचारा ना."

खरं सांगते, इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

आधी यातला तांत्रिक फंडा सांगते. सेरेब्रल पाल्सीत किंवा पॅरालिसिसनंतर बऱ्याच जणांचे स्नायू कडक होतात. हा कडकपणा तुमच्या-माझ्या आखडलेल्या पाठीसारखा नसतो. मेंदूकडून स्नायूला 'सैल हो' हा निरोप नीट पोचत नाही. त्यात स्नायू झटकन ताणला, थापटला, गार हात लागला किंवा नुसता दाराचा धाडकन आवाज झाला, तरी तो आणखी आवळतो. म्हणजे वेग हाच इथे व्हिलन. मी जे केलं ते सगळं उलटं होतं. हवं होतं ते असं: तेल कोमट, हात ऊबदार, एका जागी तळवा नुसता टेकवून ठेवायचा, स्नायू स्वतःहून सैल व्हायची वाट बघायची आणि मग अगदी सावकाश पुढे सरकायचं. पालथं झोपवण्याऐवजी कुशीवर, गुडघे पोटाकडे दुमडून, मध्ये एक मऊ उशी. या पोझिशनमध्ये बऱ्याच जणांचे पाय आपोआप ढिले पडतात. आणि कुशीवर असलं की तोंड उशीत जात नाही, म्हणजे बोलता येतं!

तर त्या दिवशी मी हात पुसले, खुर्ची ओढली आणि तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसले. एक साधा प्रश्न विचारला. "तुला काय हवंय?"

उत्तर यायला वेळ लागला. मध्ये दोनदा माझ्या तोंडावर तिचं वाक्य पूर्ण करून टाकायचा मोह आला. काकूंच्याही आला. आम्ही दोघी गप्प बसलो.

"पाय राहू द्या, ताई. पायांवर लहानपणापासून सगळ्यांनी काम केलंय. उजवा खांदा बघा. माउसमुळे दुखतो. आणि मान."

आलं लक्षात? तिचं दुखणं तेच होतं, जे हिंजवडीतल्या तुमच्या क्युबिकलमध्ये तुमचं असतं. फक्त आम्हा कुणालाच ते दिसलं नव्हतं, कारण आमचे डोळे पायांवरच अडकले होते.

मग हळूहळू ती आणखी बोलली. बाळ असताना मालिशवाल्या मावशी यायच्या. पाय सरळ होतील म्हणून जोर लावून चोळायच्या. मग व्यायाम, मग स्प्लिंट, मग पुन्हा व्यायाम. त्या सगळ्याचा उपयोग झालाच, ती स्वतःच म्हणाली. पण तिला आठवतंय तेव्हापासून तिच्या अंगाला हात लागला तो काहीतरी सुधारण्यासाठी, नाहीतर उचलण्यासाठी, कपडे घालण्यासाठी. नुसतं बरं वाटावं म्हणून? कधीच नाही.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. चहा ठेवायला, असं म्हणाल्या.

पुढच्या वेळी आम्ही पलंगाचा नादच सोडला. व्हीलचेअरचे ब्रेक लावले, तिच्या टेबलावर दोन उशा रचल्या, त्यावर तिनं कपाळ टेकवलं. मोबाइल सायलेंटवर. एक खूण ठरवली, डावा हात उचलला की मी थांबायचं. का, म्हणून विचारायचं नाही. पहिल्या दहा मिनिटांत तिनं चार वेळा हात उचलला. मला वाटतं, त्यातल्या दोन वेळा ती फक्त बघत होती, ही बाई खरंच थांबते का. मी थांबले. पाचव्यांदा हात उचललाच नाही. पंचवीस मिनिटांनी खांदा खाली आला होता आणि ती चक्क घोरत होती!

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे 'स्पेशल' मंडळींना हलका हात लावायचा, बस्स. नाही हो. इथेच गडबड होते. 2016 च्या कायद्यात आपल्याकडे 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, 1995 च्या कायद्यात ती 7 होती. या सगळ्यांना एकच रेसिपी कशी चालेल?

ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना हलका, पिसासारखा स्पर्शच नकोसा होतो. त्यापेक्षा ठाम, स्थिर दाब बरा वाटतो. टेम्पल ग्रँडिन हे नाव ऐकलंय? ऑटिझम असलेल्या या अमेरिकन प्राध्यापिका जनावरांच्या वागणुकीच्या अभ्यासक आहेत. तरुणपणी मावशीच्या रँचवर गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून शांत उभं करणारा पिंजरा त्यांनी पाहिला आणि स्वतःसाठी तसंच एक यंत्र बनवलं. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे दाब किती हवा, हे ठरवणारा कंट्रोल त्यांच्याच हातात होता. मसाजचा अख्खा कोर्स एका यंत्रात!

ऐकू न येणाऱ्या क्लायंटला पालथं झोपवलं की त्याला ना माझे ओठ दिसतात, ना खुणा. म्हणजे त्याची भाषाच गेली. म्हणून सगळं आधी बोलून घ्यायचं आणि टेबलावर दोन टकटक म्हणजे 'थांब' असं ठरवायचं. दिसत नसलेल्या व्यक्तीला हात लावण्याआधी सांगायचं, खोलीबाहेर जाताना सांगायचं आणि त्यांची पांढरी काठी 'व्यवस्थित' म्हणून दुसरीकडे उचलून ठेवायची नाही.

मणक्याला इजा झालेल्यांच्या बाबतीत तर फारच जपून. जिथे संवेदना नाही तिथे 'गरम लागलं तर सांगा' या वाक्याला काय अर्थ? हॉट स्टोन, गरम टॉवेल बंद. हाडाच्या उंचवट्यावर लाल चट्टा दिसला तर तो चोळायचा नाही, ती बेडसोअरची सुरुवात असू शकते. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि मसाज चालू असताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर ताबडतोब थांबा. त्यांना उठवून बसवा, घट्ट कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडलीय का बघा आणि डॉक्टरांना गाठा. ब्लड प्रेशर धोकादायक वाढलेलं असू शकतं. डाउन सिंड्रोम असेल तर काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. मान वळवणं, ओढणं नकोच. वर्षानुवर्षं पायावर भार न दिलेल्यांची हाडं ठिसूळ होतात, तिथे पैलवानी जोर नको. आणि कुणाचीही एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर तेलाची बाटली बंद. आत रक्ताची गुठळी असू शकते.

एवढं सगळं वाचून टेन्शन आलं? मलाही आलं होतं. पण यातलं निम्मं डॉक्टरांच्या फाइलमधून कळतं आणि उरलेलं निम्मं समोरच्या माणसाला विचारून. आपण नेमकी ही दुसरी पायरी गाळतो. आणि हेही स्वच्छ सांगते, मसाजनं सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर त्याला नमस्कार करा आणि बाहेर पडा. दुखणं थोडं कमी, झोप जरा बरी, अंग सैल. इतकंच. पण 'इतकंच' मिळावं म्हणून तर तुम्ही-आम्ही वीकेंडला पैसे मोजून स्पामध्ये जातो ना?

पैशांवरून आठवलं. तिसऱ्या वेळी मी मोठ्या मनानं म्हटलं, "तुझ्यासाठी अर्धी फी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा ते पहिल्या दिवशीचं आठवलं.

"बाकीच्यांना... किती घेता?"

मी सांगितलं.

"मग तेवढेच. मला पगार आहे." आणि थोडं थांबून, "वेळ मात्र... पूर्ण द्यायचा."

सप्टेंबरपासून दर गुरुवारी दुपारी मी तळमजल्यावरच्या एका क्लिनिकमध्ये बसते. दारात एक लाकडी उतार करून घेतलाय. टेबल वर-खाली होणारं घेतलंय, व्हीलचेअरच्या सीटइतकं खाली येतं, म्हणजे ज्यांना जमतं ते स्वतःच सरकतात, कुणी उचलायला लागत नाही. पायऱ्या शून्य. आता तिथे गुडघे दुखणारे आजोबा येतात, आठव्या महिन्यातल्या मैत्रिणी येतात. सगळेच विचारतात, हे आधीच का नाही केलंत? खरंच, का नाही केलं?

काकूंनाही मी एकदा आडवं केलं. सव्वीस वर्षं मुलीला उचलून त्यांची कंबर पार कामातून गेलीये. त्यांना विचारलं, कुठे दुखतंय? तर म्हणाल्या, "हे मला कुणी विचारलंच नाही गं." मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

आता दिवाळी तोंडावर आलीये. नरक चतुर्दशीला पहाटे तुमच्याकडेही तेल कोमट होईल, उटणं भिजेल. घरात आजी असेल, पॅरालिसिसनंतर सावरणारे बाबा असतील, कुणी भाऊ-बहीण असेल. तेल लावायला बसाल तेव्हा आधी त्यांच्या समोर बसा. विचारा. उत्तराला वेळ लागला तर लागू दे, अंघोळ काय, उजाडल्यावरही होते.

परवा काकूंचा फोन आला होता. कुठलं तेल आणू, विचारत होत्या. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. "आई... ते मी सांगते."

शुभ दीपावली! भेटूया पुढच्या अंकात, फराळ खाऊन जड झालेल्या पोटासह.