मालमोटारीचा चालक आणि भरपाईचा हिशेब

धान्याचा व्यापार मालमोटारीवाचून एक दिवसही चालत नाही. भाड्याच्या दरावर आपण तासभर घासाघीस करितो; परंतु चालकाचा परवाना पाहावयास मागणारे व्यापारीबंधू विरळाच. माझ्या मते ही उपेक्षा घातक आहे.

अपघातातील भरपाई जखमेइतकीच, गाडी कोण चालवीत होता व टक्कर कशी झाली, यावरही अवलंबून असते. दोन्ही वाहनांच्या चालकांचा दोष असल्यास निर्दोष जखमी इसमास संपूर्ण रक्कम कोणाही एका पक्षाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले. जखमी स्वतः अंशतः दोषी असल्यास त्या प्रमाणात रक्कम घटते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोधच न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये ठरलेले आहेत.

चालक विनापरवाना निघाला तर? मालकाने वाजवी खबरदारी घेतली नसल्यास विमा कंपनी जखमीस दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, हे २००४ च्या निर्णयाने ठरले. मालासोबत जाणारा मालधनी वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी १९९४ पासून सक्तीच्या विम्यात येतो. वाटेत फुकट बसविलेला उतारू येत नाही.

तेव्हा मालासोबत दिवाणजीस धाडताना लेखी अधिकारपत्र द्यावे. परवान्याची व विम्याची मुदत वहीत टिपावी. पोत्याचे वजन दोनदा पाहणाऱ्या आपण माणसाच्या जिवासाठी एवढी नोंद ठेवू नये काय?