आधी शब्द कुणी मोडला?

विजयदुर्गला ट्रिपला गेलात तर तिहेरी तटबंदी बघाल, फोटो काढाल, खाडीवर वारा खाल. जमलं तर एक प्रश्नही सोबत न्या. ठरलेला करार मोडताना माणूस स्वतःची समजूत कशी घालतो?

याच किल्ल्यावरून १७५६ साली मोठा तंटा झाला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांनी आदल्या वर्षी करार केला होता. जिंकलेले किल्ले पेशव्यांना द्यायचे, असं ठरलं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचे शिपाई आले, जमिनीवरून मराठ्यांची फौज आली. किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि किल्लाही सोडेनात. कारण काय, तर मराठ्यांनी आमच्या मागे तुळाजीशी बोलणी लावली, म्हणजे शब्द आधी तुम्हीच मोडलात! शेवटी ऑक्टोबरात पुण्याला तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांकडे गेलं.

आता गंमत बघा. लुटीची वाटणी इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवली होती आणि तीत मराठ्यांना वाटा नव्हता. तक्रार मात्र विजयदुर्गला पोचल्यावर सुचली. निर्णय आधी, कारण नंतर!

हसू नका, आपलंही असंच चालतं. रूम सोडताना महिन्याची नोटीस द्यायची, असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं. स्वस्त रूम मिळाली की आपण आठ दिवसांत सामान हलवतो आणि म्हणतो, 'इथे पाणीच नीट येत नव्हतं.' मालक सगळं डिपॉझिट ठेवून घेतो आणि म्हणतो, 'भिंती खराब केल्यात.' दोघांनाही मनापासून वाटतं, आपलंच बरोबर.

अमेरिकेत टेस विल्किन्सन-रायन आणि जोनाथन बॅरन यांनी यावर अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध २००९ चा आहे. नुकसान टाळायला करार मोडणाऱ्याला लोक थोडं समजून घेतात, जास्त फायद्यासाठी मोडणाऱ्याला नाही. म्हणूनच फायद्यासाठी मोडणाराही गोष्ट अन्यायाची सांगतो.

कायदा वेगळा हिशेब करतो. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. तेव्हा नोकरीच्या बाँडमध्ये लाखाचा आकडा दिसला म्हणून 'सही केली, आता भोगा' असं समजून गप्प बसू नका. जाणकाराला विचारा. पण कलम आपल्या बाजूचं आहे म्हणून दिलेला शब्द हलकाही होत नाही.

मग करायचं काय? आपल्या कारणाची तारीख बघा. पाण्याची तक्रार नवी रूम दिसण्याआधी केली होती का? एखादा मेसेज तरी पाठवला होता का? असेल तर बिनधास्त भांडा, पुरावा हातात आहे. नसेल तर नोटीस द्या, महिन्याचं भाडं भरा आणि ताठ मानेने बाहेर पडा.