डोळा कामगाराचा, दोषही कामगाराचा?

ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगाराचा डोळा गेला की व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले: ‘त्याने चष्मा घातला नव्हता!’ पण कोणता चष्मा? ग्राइंडरच्या ठिणग्यांसाठी बाजूंनी झाकलेला, आम्लासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, वेल्डिंगसाठी गडद काचेचा हवा. चरे पडलेला एकच चष्मा तिन्ही पाळ्यांत फिरवला, तर दिसेनासा होताच कामगार तो कपाळावर चढवणारच! १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमाने नेत्ररक्षणाची जबाबदारी मालकावरच टाकली होती. सुरक्षेचा खर्च कामगाराकडून घेण्यास २०२० च्या संहितेचीही मनाई आहे. तेव्हा कंत्राटी कामगारासह प्रत्येकाला कामानुरूप स्वतःचा चष्मा, तो धुण्यास साबण-पाणी आणि चरा पडताच नवी काच मिळालीच पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!