गुलाबी पिल्लू आणि अंगणातली कोंबडी

शाळा सुटायच्या वेळी चेन्नईत रस्त्याच्या कडेला एखादी टोपली मांडलेली दिसते. तिच्यात गुलाबी, हिरवी, जांभळी कोंबडीची पिल्ले चिवचिवत असतात. मुले हट्ट धरतात, आईचा हात पर्सकडे जातो आणि पाच मिनिटांत भोके पाडलेल्या खोक्यातून दोन पिल्ले घरी येतात. त्यांची नावे ठेवली जातात, बशीत तांदूळ घातले जातात. चार-सहा दिवसांत बहुधा त्यांतले एक मान टाकते आणि घरात रडारड होते.

ही पिल्ले रंगीत का असतात? अंड्यांसाठी कोंबड्या वाढवणाऱ्या उबवणी केंद्रात निम्मी पिल्ले नर निघतात. ती अंडी देणार नाहीत आणि अंगावर मांसही फारसे धरणार नाहीत. अशी नकोशी पिल्ले स्वस्तात विकली जातात आणि मुलांनी भुलावे म्हणून रंगात बुडवली जातात. पिसे फुटली की रंग जातो. जे पिल्लू जगते, तो चार-पाच महिन्यांत पहाटे आरवणारा कोंबडा होतो. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही म्हणतात. सोसायटीत तर कोंबडे झाकताही येत नाही. शेजाऱ्यांची पहिली तक्रार आली की घरात एकच प्रश्न उरतो, आता याचे करायचे काय? नाव ठेवलेल्या कोंबड्याचे कालवण मुलाच्या ताटात वाढायचे की त्याला "गावी पाठवला" असे खोटे सांगायचे, हा प्रसंग आईबापांना फार जड जातो.

म्हणून हौस असेल तर आधी ठरवावे आणि मग आणावे. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग करूच नये. बैठे घर असेल, मागे थोडे अंगण असेल, स्थानिक नियम आणि घरमालक आड येत नसतील, तर तीन-चार कोंबड्या सहज राहतात. एकच पाळू नये. कोंबडी कळपात राहणारी आहे. एकटे पिल्लू दिवसभर ओरडून ओरडून खंगते.

बदलीच्या निमित्ताने चेन्नईत आलेल्या मराठी कुटुंबांना या बाबतीत हे शहर सोयीचे आहे. वेपेरीचे मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय 1903 सालचे. 1989 मध्ये तमिळनाडूचे पशुवैद्यकीय विद्यापीठ झाले आणि ते त्याच्या छत्राखाली आले. याच शहरातल्या नंदनम भागाचे नाव 'नंदनम' कोंबड्यांना मिळाले आहे. विद्यापीठाचे कुक्कुट संशोधन केंद्र आता माधवरमला आहे. रस्त्यावरच्या टोपलीपेक्षा तिथे चौकशी केलेली केव्हाही बरी.

जात कोणती घ्यावी? नवशिक्याने अंड्यांच्या आकड्याला भुलू नये, स्वभाव पाहावा. पांढरी लेगहॉर्न अंडी पुष्कळ देते, पण भित्री. भांडे पडले तरी फडफडून कुंपणावर जाते. तांबडी र्‍होड आयलंड रेड शांत असते, माणसाच्या पायांत घोटाळते आणि तपकिरी अंडी देते. हैदराबादची वनराजा आणि बेंगळुरूची गिरिराजा या खास परसासाठी तयार केलेल्या, अंगाने भरदार आणि काटक जाती. तमिळनाडूच्या गावठी कोंबड्यांत (तिथे 'नाट्टुकोळी' म्हणतात) लहान चणीच्या 'सिरुविडै'ला मान आहे. अंडी कमी देईल, पण खुडूक बसली की पिल्ले काढून पोटाशी धरणार. असीलचे नाव ऐकले की लोकांना झुंजी आठवतात. धनुषच्या 'आडुकळम' चित्रपटात त्या मदुरैकडच्या झुंजी दिसतात. असील कोंबडे एकमेकांचे वैरी खरे, पण पाळणाऱ्या माणसाशी हा पक्षी बहुधा शांतपणेच वागतो. सध्या कडकनाथची फॅशन आहे. नवशिक्या घरासाठी तिची गरज दिसत नाही.

एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणे घरच्या माणसाचे काम नाही. कोंबडा नकोच असेल तर सरळ दोन-अडीच महिन्यांच्या, लसी दिलेल्या तलंगा घ्याव्यात. दाम जास्त पडते, पण पुढचा घोर वाचतो. पिल्लांपासूनच वाढवायचे असेल, तर नर निघाले तर ते कोणाच्या शेतावर जाणार, हे आधी त्या माणसाशी बोलून ठेवावे आणि मुलांनाही पहिल्याच दिवशी खरे सांगावे. पहिल्या दिवशी सांगितलेले मुले समजून घेतात.

आता वेळ. पुण्या-नाशिककडच्या माणसाला वाटते, दसरा झाला, पाऊस संपला, आणावीत पिल्ले. चेन्नईत नेमका तेव्हा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मोठा पावसाळा. 2015 चा महापूर आणि 2023 चे मिचाँग वादळ, दोन्ही डिसेंबरातच आली. खालचे तूस ओले राहिले की पिल्लांना रक्ती हगवण लागते. तेव्हा पोंगलचा मुहूर्त धरावा. जानेवारीच्या मध्यावर आलेली पिल्ले एप्रिलच्या उन्हापर्यंत पिसांनी भरतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावी. पुठ्ठ्याचे मोठे खोके आणि वर टांगलेला 60 वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब एवढे पुरते. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडून कडेला पळाली तर उकडते आहे. चेन्नईत दुपारी दिवा बंदच ठेवावा लागतो. तिथे थंडीइतकीच उन्हाचीही धास्ती.

खोक्यात नुसते वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू अधू होते. भाताचे तूस दोन इंच पसरावे. पाण्याची बशी उथळ हवी, तीत चार गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला नुसते तांदूळ नकोत. पिल्लांचे तयार खाद्य, ज्याला दुकानात 'चिक स्टार्टर' म्हणतात, तेच द्यावे.

लसीत हयगय नको. आपण ज्याला मानमोडी म्हणतो, तोच राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या गावाचे नाव त्याला पडले. एका रात्रीत खुराडे रिकामे करतो. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून पहिली लस देतात. पुढच्या तारखा पशुवैद्याकडून लिहून घ्याव्यात. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर हात न लावता डॉक्टरांना कळवावे. 2006 मध्ये आपल्याच नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते विसरू नये.

आणि माणसाळणे? जात निम्मे काम करते, उरलेले हात करतो. पहिल्या तीन आठवड्यांत मुलांनी रोज दोन वेळा खोक्याशेजारी जमिनीवर बसावे आणि तळहातावर खाद्य धरावे. हात वरून घालू नये, बाजूने न्यावा. वरून येणारी सावली म्हणजे घार, ही भीती पिल्लू जन्मतः घेऊन येते. उचलायचे तर दोन्ही हातांची ओंजळ करून. पाय धरून कधीही नाही. ठरावीक हाक मारून दाणे टाकले की आठवड्याभरात ती हाक त्यांना कळते. गालाला लावणे, पापे घेणे मात्र बंद, आणि नंतर साबणाने हात धुणे सक्तीचे.

महिना-दीड महिन्याने ती अंगणात जातील. खुराड्याला जाळी बारीक हवी, मांजर आणि घूस दोन्ही रात्रीच येतात. छपरावर नारळाच्या झावळ्या टाकाव्यात. तापलेल्या पत्र्याखाली मे महिन्यात कोंबडी टिकत नाही. तिला घाम येत नाही, ती नुसती धापा टाकते. तेव्हा गार पाणी दोनदा बदलावे आणि खाद्य सकाळी लवकर व सूर्य कलल्यावर द्यावे.

पोंगलला आलेल्या तलंगा जून-जुलैच्या सुमारास अंड्यावर येतात. तुरा लाल होतो, कोनाडे शोधत त्या घरभर फिरू लागतात, कधी धुण्याच्या टोपलीत जाऊन बसतात. अशा वेळी अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेले एक खोके ठेवावे आणि त्यात प्लास्टिकचे एक अंडे. पहिले खरे अंडे लहानसे असते, कधी त्यात बलकही नसतो. तरी ते कोणी खायचे यावरून घरात भांडण होतेच.