जाहीर आवाहन : ट्रायल बघायला येऊ नका, निरीक्षणाला या

ब्रिटनमधल्या तमाम मराठी मंडळींना, आणि ज्यांच्या गॅरेजात बुलेट उभी आहे त्यांना तर नाव घेऊन,

गेल्या रविवारी आमच्या क्लबाच्या मोटरसायकल ट्रायलसाठी दहा सेक्शन आखले होते. त्यातले दोन सकाळीच रद्द झाले, कारण तिथे उभं राहायला निरीक्षक नव्हते. तिसरा दुपारी बंद पडला. तिथले निरीक्षक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सकाळपासून पावसात उभे होते. एका चौदा वर्षांच्या मुलाला त्यांनी पाच दंडगुण दिले, म्हणून मुलाच्या बापाने त्यांना सगळ्यांदेखत आंधळं म्हटलं. त्यांनी उलट शब्द काढला नाही. गुणांचा बोर्ड आयोजकांच्या हातात दिला, गाडी काढली आणि घरी गेले. पुढच्या ट्रायलला ते येणार नाहीत, आणि त्यांना या म्हणण्याचं तोंड आम्हाला नाही.

तो बाप मराठी नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सुटल्यासारखं वाटायचं आहे त्यांनी वाटून घ्यावं. पण त्या वेळी टेपच्या अलीकडे मोबाइल उंचावून व्हिडिओ काढणाऱ्यांत आपले आठ-दहा जण होते. एकानेही म्हटलं नाही की काका, तुम्ही जरा बसा, तासभर मी बघतो. राग त्याचा आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. ओढा, दगड, झाडांची मुळं, चिखलाचा चढ अशा जागी टेप लावून छोटे टप्पे आखतात, त्यांना सेक्शन म्हणतात. उजवीकडे लाल खूण, डावीकडे निळी, मधून जायचं. पाय जमिनीला न लावता पार झालात तर शून्य, म्हणजे क्लीन. एकदा पाय टेकला की एक, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात, टेपबाहेर गेलात, मागे घसरलात तर पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो जिंकला. सेक्शन सुरू कधी झाला? पुढच्या चाकाचा आस सुरुवातीच्या पाटीपुढे गेला की. संपला कधी? तोच आस शेवटच्या पाटीपुढे गेला की. झालं. एवढं समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, जी आपल्यातल्या निम्म्यांकडे आहेच.

आता हिशेब करा. क्लबाच्या साध्या ट्रायलला साठ रायडर, दहा सेक्शन, चार फेऱ्या धरल्या तर एका दिवसात निरीक्षकांचे २४०० निर्णय. प्रत्येक निर्णय कुणीतरी उभं राहून, डोळे न मिटता, फुकट दिलेला. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला दर मे महिन्यात स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल होते. एडिनबरोच्या क्लबाने १९०९ साली तिचं बीज रोवलं. तिथे पावणेतीनशेच्या आसपास रायडर, रोज ३० सेक्शन, सहा दिवस. सगळे शेवटपर्यंत टिकले तर ४९,५०० निर्णय! बेन नेव्हिसच्या पायथ्याशी, किनलॉखलेव्हनच्या पाइपलाइनवर, पावसात आणि डासांत उभे राहून ते दिले जातात. यॉर्कशरच्या स्कॉट ट्रायलमध्ये, जी १९१४ पासूनची आहे, घड्याळही चालू असतं, त्यामुळे रायडर घाईने येतात, एकाच वेळी चार-चार येतात, आणि तरीही निरीक्षकाने प्रत्येकाचा पाय मोजायचा.

तरी आपण म्हणणार, ‘हा गोऱ्यांचा छंद, आपल्याला काय त्याचं?’

आपल्याला काय त्याचं? जरा ऐका. १९४८ च्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रेडिचच्या रॉयल एनफील्डने मागे स्विंगिंग आर्म बसवलेल्या नव्या बुलेट गाड्या उतरवल्या. लोक हसले होते म्हणे, ट्रायलच्या गाडीला मागे स्प्रिंग कशाला? १९५२ साली जॉनी ब्रिटन यांनी ३५० बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. १९५७ साली पुन्हा जिंकली. मधल्या काळात, १९५५ साली, तीच बुलेट मद्रासमध्ये बनू लागली, आणि पुढे पाटलाच्या वाड्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे पोहोचली. २०१९ साली कंपनीने भारतात बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेल काढलं ते त्या विजयांच्या आठवणीतच. मंडळाच्या सहलीला त्या गाडीपुढे फोटो काढणारे आपण. त्या गाडीला हे नाव मिळालं ते कुणीतरी चिखलात उभं राहून ‘शून्य’ लिहिलं म्हणून. त्या माणसाचं नाव कुठेही छापलेलं नाही. तेव्हा कृपा करून, अंगावर बुलेटचा टी-शर्ट घालून मला ‘आपल्याला काय त्याचं’ असं सांगू नका.

आता नियमांबद्दल, कारण इथे चूक फक्त प्रेक्षकांची नाही. क्लबांचीही आहे, आमच्यासकट.

सगळी भांडणं एका प्रश्नावर येतात. गाडी थांबली की नाही? एका पद्धतीत सेक्शनमध्ये गाडी थांबली की सरळ पाच. दुसऱ्या पद्धतीत थांबायला मुभा, फक्त मागे जायचं नाही. ब्रिटनमधल्या मोटरसायकल खेळांची संघटना म्हणजे ऑटो-सायकल युनियन, तिच्या नियमांत दोन्हींना जागा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक स्पर्धेत २०१३ साली न थांबण्याचा नियम परत आणला आणि तेव्हापासून यावर रान पेटलेलं आहे. दगडावर चढताना पुढचं सस्पेन्शन दबतं, मागचं चाक घसरत फिरत असतं, गाडी हवेत लटकल्यासारखी होते. ती थांबली का? बाजूने बघणाऱ्याला थांबलेली दिसते. खालून बघणाऱ्या बापाला चाललेली दिसते. एका सेक्शनवरचा निरीक्षक कडक, पुढचा मवाळ, आणि दुपारपर्यंत सगळ्या मैदानाला कळतं की कुठे चालतं आणि कुठे चालत नाही. त्यात या खोऱ्यातला क्लब एक पद्धत वापरतो, पलीकडचा दुसरी, आणि नवखा निरीक्षक मागच्या आठवड्याचं डोक्यात घेऊन उभा राहतो. वर आमचं नियमपत्रक चार पानी! त्यात ‘परंतु’ आणि ‘तथापि’ इतके, की वकिलानेही हात जोडावेत.

माझं मत विचाराल तर न थांबण्याचा नियमच खरा. थांबायची मुभा दिली की पट्टीचे रायडर चाक उचलून उचलून गाडी जागच्या जागी वळवतात, मग त्यांना अडवायला आयोजक सेक्शन अवघड करतात, मग नवशिके पडतात आणि रांग वाढते. पण तो नियम बघणारी शिकलेली माणसं नसतील, तर तो अर्धवट लावण्यापेक्षा थांबण्याची मुभा द्या आणि ती सगळ्यांना सारखी द्या. क्लबाच्या बैठकीत मी हे बोललो आहे, अजून बोलणार आहे. नियम एका पानावर, मोठ्या अक्षरात, हंगामभर एकच. शंका असेल तर फायदा रायडरला. आणि निरीक्षकाने डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर सेक्शनपाशी वाद नाही, बापाचाही नाही.

काही जण म्हणतात, कॅमेरे लावा. ओढ्यात वीज कुठून आणणार, आणि २४०० चित्रफिती रात्री बसून कोण बघणार? ते बघायलाही माणूसच लागेल ना? काही म्हणतात, रायडरांनीच आपले गुण लिहावेत. काही क्लब तसं करतात. स्वतःची उत्तरपत्रिका स्वतः तपासणाऱ्याला नापास झालेलं मी अजून पाहिलं नाही. ‘मला मोटरसायकल चालवता येत नाही’ हे तर कारणच नव्हे. उलट ज्याला येत नाही तो ‘मी असतो तर’ म्हणत नाही, फक्त पाय मोजतो. आमच्या क्लबातल्या सर्वांत काटेकोर निरीक्षक एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांनी आयुष्यात स्कूटरसुद्धा चालवलेली नाही. महिलांना यात जागा नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्जरी कॉटल हे नाव शोधावं, त्या १९२० च्या दशकात स्कॉटिश सिक्स डेजमध्ये गाडी चालवत होत्या.

आणि आपण कोण आहोत? लंडनमध्ये १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळ चालवणारी माणसं. गणेशोत्सवात पाचशे पानांचं जेवण वाढतो, ढोल-ताशाचं पथक उभं करतो, हॉल रात्री बारापर्यंत झाडून मालकाच्या ताब्यात देतो. कार्यकर्ता ही आपली पिढीजात सवय आहे. मग आपली मुलं ज्या खेळात उतरू लागली आहेत, ज्या गावात आपण घर घेतलं आहे, तिथे आपण पाहुणे म्हणूनच उभे राहणार? मुलाला बुटांसकट ट्रायलची गाडी घेऊन द्यायची, आणि त्याचे गुण मात्र शेजारच्या म्हाताऱ्याने लिहायचे, असं किती दिवस चालणार?

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात, आणि लगेच कराव्यात. ज्या घरातला एक जण ट्रायलमध्ये गाडी चालवतो त्या घरातल्या दुसऱ्याने महिन्यातून एकदा निरीक्षण करावं. हे ऐच्छिक आहे, पण मी नावं लक्षात ठेवणार आहे. एका सेक्शनवर दोघे राहावेत, एकाने पाय मोजावेत, दुसऱ्याने लिहावं, आणि दर दोन फेऱ्यांनी अदलाबदल करावी. पहिल्यांदा येणाऱ्याला जुन्याजाणत्या निरीक्षकासोबतच उभं करू, एकटं सोडणार नाही. प्रत्येक मंडळाने एका हंगामासाठी एक सेक्शन दत्तक घ्यावा, पाटीवर मंडळाचं नाव लावू, त्याला क्लबाची हरकत नाही. नियमांचं एकपानी पत्रक मी मराठीत करतो आहे, ज्यांचं हस्ताक्षर चांगलं किंवा संगणकावरचा हात चांगला असेल त्यांनी मदत करावी. सेक्शनपाशी कुणी निरीक्षकाला अपशब्द वापरला तर तिथल्या आपल्या प्रत्येक माणसाने पुढे व्हावं आणि त्याला शांतपणे आयोजकांकडे न्यावं. हाणामारी नको, ते आपलं काम नव्हे. आणि गेल्या रविवारच्या त्या गृहस्थांच्या घरी या आठवड्यात आपल्यातले दोघे-तिघे जाऊन येऊ. फराळ घेऊन. कोण येतंय ते कळवा.

पुढची ट्रायल येत्या रविवारी. नावं मंडळाच्या चिटणिसांकडे गुरुवारी रात्रीपर्यंत द्यावीत, म्हणजे शुक्रवारी सेक्शन वाटता येतील. सकाळी नऊला शेताच्या फाटकाशी हजर राहून सही करायची. गमबूट, रेनकोट आणि चहाचा थर्मास स्वतःचा, जेवणाचा डबा क्लब देतो, पण तो सँडविचचा असतो, तेव्हा पोळीभाजी बरोबर आणलेली बरी. बोर्ड आणि गुणपत्रक तिथे मिळेल. पेन आणू नका, पावसात चालत नाही. पेन्सिली आणा, दोन.