जठरपट्टी : पात्रता केवळ वजनावर ठरत नाही



गेल्या अंकातील लेखात समायोज्य जठरपट्टीची शस्त्रक्रिया ‘जठर न कापता होणारी आणि केव्हाही मागे घेता येणारी’ म्हणून बहुतेक लठ्ठ रुग्णांसाठी योग्य ठरवली आहे; या विधानाचा प्रतिवाद होणे आवश्यक आहे. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचे कडे बसवतात आणि त्वचेखालील छोट्या कप्प्यात सुईने क्षारजल भरून किंवा काढून ते आवळतात वा सैल करतात. म्हणजेच शस्त्रक्रियेने उपचार संपत नाही, तर सुरू होतो. ज्याला वारंवार तपासणीस येणे शक्य नाही, त्याला ही पट्टी सोयीची नाही. घास नीट न चावता गिळल्यास तो अडकून उलटी होते. उलट आइस्क्रीम वा गोड पेये सहज खाली उतरत असल्याने, त्यांची सवय असलेल्यांचे वजन फारसे घटत नाही.

अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेली ही पट्टी पुढे मागे पडली, कारण ती सरकणे, जठराच्या भित्तिकेत रुतणे आणि अन्ननलिका फुगणे या तक्रारींमुळे अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पट्टी काढता येते हे खरे. परंतु त्यानंतर वजन बहुधा परतते आणि जठरावरील व्रणही मागे राहतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा २७.५ या देहभार निर्देशांकापासून, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यापासून, मानली आहे. तथापि हा आकडा केवळ विचाराचे दार उघडतो, निर्णय देत नाही. आहाराच्या सवयी, मनःस्थिती, जळजळीचा विकार आणि पर्यायी शस्त्रक्रिया यांचा विचार झाल्याखेरीज कोणत्याही रुग्णास होकार देण्यास भाग पाडू नये.

— एक वाचक