ताप आला तर सांगता, मन दुखले तर?

ताप आला की तुम्ही लगेच अम्मीला सांगता. पण रात्ररात्र झोप येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, जगणे नकोसे वाटते, हे मात्र कोणालाच सांगत नाही. अब्बांना वाटते, मुलगा आळशी झाला. ते रागावतात आणि मुलगा आणखी गप्प होतो.

10 ऑक्टोबर 2022 रोजी केंद्र सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, केव्हाही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. मराठीत किंवा हिंदीत बोलता येते. 2024 साली तिचे मोबाइल ॲपही आले. समुपदेशक तुमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतात. गरज असेल तर डॉक्टरांकडे जायला सांगतात.

"म्हणजे मुलगा वेडा आहे का?" असे काही लोक विचारतात. मला हे मुळीच पटत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण आंधळा म्हणतो का? उलट, माझ्या मते पहिला फोन आईवडिलांनीच करावा. मुलाशी कसे बोलावे, हे विचारण्यात कसला कमीपणा?

एका खोलीच्या घरात सर्वांसमोर मनातले बोलणे कठीण, हे खरे. मग गच्चीवर जा. नाहीतर आपल्या शिक्षकांना सांगा. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग रिकामा असतोच.